नकाशात नसलेली ओळ

९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं बरं आहे. तिकडे तूही बरा असशील असं मी धरून चालते, कारण तुझं उत्तर येत नाही हे आता अंगवळणी पडलंय. आईचे गुडघे कुरकुरतात, पण आई त्यांच्याहून जास्त कुरकुरते, तेव्हा काळजीचं कारण नाही. मागच्या खोलीचं छत एकदाचं दुरुस्त झालं. तुझी सायकल मी वापरते. घंटी बदलली आहे, रागावू नकोस.

आता खरी बातमी, बसून वाच. मला नोकरी लागली. कालव्यापलीकडच्या मैदानात, सुरुंग काढायच्या कामावर.

पुन्हा एकदा वाच हवं तर, मी थांबते. हो, तुझी भिंगरी, जिला शाळेत एका जागी बसवत नाही म्हणून बाई बाकाला बांधायची धमकी द्यायच्या, ती आता अर्धा अर्धा तास पोटावर पालथी पडून बोटभर माती उकरते. सहा आठवडे शिक्षण झालं. पंचाहत्तर जणांतून बारा निवडले, सहा आपल्याकडचे आणि सहा त्यांच्याकडचे. हो, त्यांच्याकडचे. दोन्ही सरकारांनी ठरवलंय की प्रत्येक जोडीत एक इकडचा, एक तिकडचा. पहिल्या दिवशी आम्ही बाराजण एका तंबूत बसलो तेव्हा चहाच्या कपांचाच काय तो आवाज येत होता. आमचे मुकादम मोठे वस्ताद. ते म्हणाले, "तुम्ही एकमेकांवर प्रेम करावं असं माझं म्हणणं नाही. समोरच्याचा पाय कुठे पडतोय तेवढं बघा."

स्फोट करण्याआधी ते तीनदा शिट्टी वाजवतात, म्हणून आम्ही त्यांना शिट्टीमुकादम म्हणतो. त्यांना माहीत आहे.

माझ्या जोडीला एक बाई आहेत, चाळिशीच्या. आधी शिवणकाम करायच्या, म्हणून सगळे टेलरबाई म्हणतात. आपली आणि त्यांची भाषा एकच, फक्त त्या शब्दाच्या शेवटी हेल काढतात. शिव्या तर अगदी सारख्याच. काम असं: एकीने आखलेल्या पट्ट्यात पुढे पालथं पडायचं, दुसरीने पंचवीस पावलांवरून लक्ष ठेवायचं. अर्ध्या तासाने अदलाबदल. लोखंड शोधणारं यंत्र कुंई करून ओरडलं की सळई तिरकी धरून माती टोचायची. सरळ टोचली की संपलं. हे तुला मी काय सांगायचं म्हणा.

काल मला पहिला सापडला. दादा, बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढा. त्यांच्या बाजूचा होता, त्यांनी आपल्यासाठी पेरलेला. मला घाम फुटला, मग हसू फुटलं, आणि मी मागे हात वर केला तर टेलरबाई माझ्यापेक्षा जास्त खूश. शिट्ट्या झाल्या, धडाम झालं, धूळ खाली बसली, आणि आम्ही दोघींनी एकमेकींच्या पाठीवर थापा मारल्या. मला रात्रभर झोप नाही. आनंदाने, भीतीने नव्हे.

आईला यातलं काही माहीत नाही. तिला सांगितलंय की मी त्यांच्या कचेरीत टायपिंग करते.

आता एक विचारायचं होतं. मैदानाच्या टोकाला जुनी पिठाची गिरणी आहे, आणि तिच्यामागे कालव्याचा दरवाजा, ज्यातून दोन्ही काठांना पाणी जायचं. गिरणी आणि दरवाजा यांच्यामधली जागा सात वर्षं बंद आहे. आपल्या सैन्याने दिलेल्या नकाशात तिथे काहीच नाही, स्वच्छ मोकळी जागा. पण तह झाल्यावर तिथे सुरुंगावर पाय पडून एक माणूस गेला. ते म्हणतात तुम्ही पेरले, आपण म्हणतो तुम्ही पेरले, आणि सगळ्यांचं पाणी अडलंय. मुकादम म्हणतात नकाशात बाकी मैदानात सुरुंगांच्या तीन ओळी आहेत, पण इथे चौथी असणार. नकाशाच्या कोपऱ्यात तुझ्या तुकडीचा नंबर आहे.

तुला काही आठवतं का?

नसेल आठवत तर राहू दे. मी आपलं सहज विचारलं.

तुझी,
भिंगरी

—

२८ मार्च

दादा, दादा, दादा,

आज नमस्कार नाही, काही नाही. तुझं पाकीट गेल्या आठवड्यात मिळालं.

पोस्टमनने दारात हाक मारली आणि तुझं अक्षर बघून मी जिन्याच्या चार पायऱ्या एकदम उतरले. आईने विचारलं कुणाचं. मी म्हटलं कचेरीचं. पाकीट उघडलं तर आत पत्र नाही, एक ओळ नाही, फक्त वहीचं एक पान. त्यावर गिरणीचा कोपरा, तिथून पावलं मोजलेली, दरवाज्याकडे जाणारी वाकडी रेघ, रेघेवर ठिपके, आणि वरती तुझ्या त्या टोकदार अक्षरात 'एकूण १८'.

मी ते पान छातीशी धरून सायकल हाणली. अशी हाणली की वाटेत साखळी दोनदा पडली. मुकादमांच्या टेबलावर ते पसरलं तेव्हा माझे हात तेलाने काळे आणि तोंडाला कोरड. ते कितीतरी वेळ बघत राहिले. मी म्हटलं, माझ्या भावाचं आहे, तो होता तिथे. ते म्हणाले, कागद कुठून आला हे माझ्या वहीत चढत नाही, ठिपके चढतात. मग त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले की वीस वर्षांच्या नोकरीत असं पान हातात आलं नव्हतं. पेरणारे विसरतात, मरतात, नाहीतर गप्प बसतात.

दुसऱ्याच दिवशी काम सुरू झालं. पहिला ठिपका: कोपऱ्यापासून नऊ पावलं. आम्ही पावलांवर विश्वास न ठेवता इंच इंच गेलो, आणि बरोबर नवव्या पावलाला यंत्र ओरडलं. दुसरा चौदाव्याला. तिसरा, चौथा. दादा, तू काय मोजलं होतंस रे. प्रत्येक धडामला तंबूतून टाळ्या. एका दिवसात तीन म्हणजे आमच्याकडे विक्रम.

एक गोष्ट मात्र बघितली. पानाच्या घड्या इतक्या झिजल्या आहेत की कागद कापडासारखा मऊ झालाय. जिथे चारी घड्या मिळतात तिथे तर रुपयाएवढं भोक पडलंय. सात वर्षांत तू ते किती वेळा उघडलंस आणि मिटलंस?

मावसभाऊ तुझ्या शहरात गेला होता, त्याने सांगितलं की तू लिफ्ट दुरुस्त करतोस आणि डांबरी रस्ता सोडून कुठेच पाय ठेवत नाहीस. बागेतून जवळची वाट असली तरी लांबून वळसा घेतोस. तो हसत सांगत होता. मीही हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडून बसले.

बरं. आता दुसरी बातमी, ती तितकी चांगली नाही.

मी मुकादमांना 'माझा भाऊ' म्हटलं तेव्हा टेलरबाई तंबूच्या दाराशी उभ्या होत्या. मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या हातात सळया होत्या, पुसत होत्या. त्यांनी पुसून संपवल्या, जागेवर ठेवल्या, एकीला एक लावून, आणि मुकादमांना म्हणाल्या की मला दुसरी जोडी द्या. तेव्हापासून मी मुकादमांबरोबर आहे.

मग बाकीच्यांकडून कळलं. तहानंतर तिथे गेलेला तो माणूस म्हणजे त्यांचा नवरा. गिरणी तोच चालवायचा. लोक परत आले, घराघरात दाणे होते आणि पीठ नव्हतं, म्हणून तो गिरणी चालू करायला निघाला आणि आधी दरवाजा उघडून पाणी सोडावं म्हणून मागच्या बाजूने गेला. पानावरचा सातवा ठिपका. त्यांनी नवऱ्याला शर्टाच्या काजांवरून ओळखलं, कारण ती काजं त्यांनी घातली होती. तेव्हापासून त्यांनी पुरुषाचा शर्ट शिवलेला नाही. या कामाला त्या आल्याच मुळी ती जागा मोकळी करायला.

आपल्याला तरी कसं कळणार होतं की तिथून कोण जाईल.

अकरा निघाले. बाकीचेही निघतील. तू जेवतोस ना वेळेवर?

भिंगरी

—

१२ एप्रिल

प्रिय दादा,

नमस्कार. आई बरी आहे. हवा बरी आहे. सायकलची साखळी नवी घातली.

मागच्या पत्रात मी 'आपल्याला' लिहिलं. पाकीट पेटीत टाकलं आणि मग तो शब्द आठवला, आणि पेटीत हात घालून ते परत काढता येईल का हे बघत मी उभी राहिले. तुझ्याही लक्षात आलं असेलच.

पहिल्या पत्रात 'तुला काही आठवतं का' असं मी तोंड वर करून विचारलं, जसं काही मला ठाऊकच नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं. तुला रजा मिळाली होती, बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते. आई आत झोपली होती. तू स्वयंपाकघरात खाली बसला होतास, ताटातलं चिवडत, आणि मी समोर. माझ्या डाव्या कानाला अजून पट्टी होती. बसस्टँडवर तोफगोळा पडला तेव्हा मी बाबांचा डबा घेऊन तिथेच होते, त्यांची बस फलाटाला लागत होती. तू म्हणालास की तू एक ओळ पेरलीस. हुकूम नव्हता, नकाशात नोंद नव्हती. तुकडी मागे हटत होती, संध्याकाळ होती, तुझ्याकडे अठरा उरले होते आणि डोक्यात फक्त बाबा होते.

तू हे मला अशासाठी सांगितलंस की कुणीतरी तुला म्हणावं, हे काय करून बसलास. आता कळतं. मी तेव्हा सोळा वर्षांची होते. मी तुझा हात धरला आणि म्हणाले, "छान केलंस. अजून पेरायचे होतेस."

तू माझ्याकडे बघितलंस. ते बघणं मी विसरलेले नाही.

मग तह झाला. मग एके दिवशी दुपारी रेडिओवर सांगितलं की पलीकडे गिरणीपाशी एक माणूस मेला. आपण तिघं जेवत होतो. आईने आवाज कमी केला. तू मान वर केली नाहीस, मीही केली नाही. दुसऱ्या दिवशी तू पिशवी भरून गेलास. आणि मी सात वर्षं शाळा, कॉलेज, मैत्रिणी, सगळं केलं, हसले, नाचले, आणि कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही की तिथे अजून सतरा आहेत. एक फोन करायचा होता. तुझं नाव न घेताही करता आला असता. कधी वाटायचं तुला पकडतील. पण खरं सांगू, पहिली दोन वर्षं मला वाटायचं, राहू देत. पडू देत त्यांचे पाय.

हे मी परवा टेलरबाईंना सांगितलं.

चहाच्या सुटीत गेले, त्यांच्या समोर उभी राहिले आणि एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. भावाला म्हणाले तेही सांगितलं, शब्द न शब्द. माझी कानशिलं तापली होती. मला वाटलं त्या कप फेकून मारतील. त्यांनी कप खाली ठेवला.

मग त्यांनी विचारलं की तुझे वडील बसस्टँडवर गेले ते कुठल्या दिवशी. मी तारीख सांगितली. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी आम्ही गिरणीच्या गच्चीवर होतो."

तोफा गिरणीमागे होत्या, दादा. गोलंदाजांचे फाटके गणवेश टेलरबाई शिवून द्यायच्या. नवरा आणि त्या दोघं गच्चीवर चढले होते बघायला. लांबून आपल्या गावातून धुराचा लोट उठला आणि कुणीतरी ओरडलं, बसला नेमका. टेलरबाई म्हणाल्या, "मी टाळी वाजवली. नवऱ्याने माझा हात धरून खाली आणला. म्हणाला, अगं, तिथे माणसं असतील. मी म्हटलं, असू देत."

शिट्टी झाली, सुटी संपली. काचेचा मुखवटा चढवताना त्या मुकादमांना म्हणाल्या, "हिच्यावर नजर ठेवायला मीच बरी." पुन्हा जोडी लागली. त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात. पण मी पालथी पडले की पंचवीस पावलांवर त्या असतात, आणि त्यांची नजर हलत नाही हे मला पाठीला कळतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सोळा निघाले. सातवा सात वर्षांपूर्वीच गेला. झाले सतरा. वरती तुझ्या हाताने 'एकूण १८' लिहिलंय आणि कागदावर ठिपके सतराच आहेत. अठरावा त्या भोकात गेला, दादा. चारी घड्या मिळतात तिथे. मुकादमांनी मोजून सांगितलं की त्या भोकात कालव्याचा दरवाजा, तो उघडायचं चाक, चौथरा आणि सगळा उतार मावतो. तिथे जुनं लोखंड इतकं पुरलंय की यंत्र पावलापावलाला ओरडतं. शोधायला महिने लागतील, आणि आम्हाला मेअखेरचीच परवानगी आहे. मग पुन्हा काटेरी तार, आणि दोन्ही सरकारांची पत्रापत्री.

तुला यावं लागेल. ती जागा आता तुझ्या डोक्यातच आहे.

घरी येऊ नकोस हवं तर. आईला भेटू नकोस. नुसता ये. सकाळच्या बसने ये आणि दुपारच्या बसने जा. बस मैदानाच्या कडेलाच थांबते, डांबरी रस्त्यावर.

मी हे सगळं लिहिलं आणि मला इतकं हलकं वाटतंय की कुणी बघितलं तर म्हणेल हिला काय झालं. अक्षर बघ कसं नाचतंय. तरी पत्र आज टाकणार. उद्यावर ठेवलं तर फाडीन.

तुझी,
भिंगरी

—

३ मे

प्रिय दादा,

नमस्कार. तू पोचलास का नीट?

बस सुटल्यावर मी हात केला, तू मान हलवलीस, आणि तू शिट्ट्या ऐकायच्या आत गेलास हे बरंच झालं. त्यानंतरचं तुला सांगायचंय, आणि त्याआधीचं तुझ्याकडून ऐकायचंय. मी दोरीपलीकडे उभी होते. तुमचे हात हललेले दिसत होते, शब्द एक ऐकू आला नाही. जे कळलं ते टेलरबाईंकडून. मी लिहिते, चुकलं असेल तर सांग.

तू बसमधून उतरलास आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिलास. एवढं मी बघितलं. मी तुला ओळखलं ते चालण्यावरून नाही, कारण तू चाललाच नाहीस. दीड तास तू डांबराच्या काठावर बुटांची टोकं जुळवून उभा. मी आले, मुकादम आले, तू हो हो म्हणालास आणि पाय उचलला नाहीस. तुझे केस एवढे पांढरे कधी झाले रे? तू एकतीसचा आहेस.

मग टेलरबाई उठल्या. मुकादम त्यांना अडवणार होते, पण अडवलं नाही.

त्या सांगतात की तू तोंड उघडलंस आणि त्यांनी तुला थांबवलं. म्हणाल्या, "माफीचं बोलू नको. ती आज माझ्याकडे नाही. अठरावा दाखव." तू म्हणालास, पाय उचलत नाही. त्यावर त्या म्हणाल्या की त्यांचाही सहा महिने उचलत नव्हता, आणि वळून साफ झालेली वाट दाखवणाऱ्या पांढऱ्या खुंट्यांमधून चालायला लागल्या, मागे न बघता. आणि तू त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवत निघालास. दादा, मी दोरी दोन्ही हातांनी धरली होती, तळव्यांना वळ उठलेत, अजून आहेत. माझ्या शेजारी मुकादम शिट्टी तोंडात धरून उभे होते आणि ती वाजत नव्हती तरी फुंकत होते.

सातव्यापाशी त्या थांबल्या. तू खाली बसलास. मग त्याही बसल्या. तिथे बराच वेळ गेला. त्या म्हणतात, मी त्याला माझ्या नवऱ्याबद्दल सांगितलं. काय सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाल्या की खिशात नेहमी दोन-चार स्क्रू खुळखुळायचे, बेसूर गायचा, गिरणीचा पट्टा तुटला की पट्ट्याशी भांडायचा. "ज्याने मारला त्याला माहीत पाहिजे, मारला तो कोण होता." तू काय म्हणालास ते त्यांनी सांगितलं नाही. तो माझा आणि त्याचा प्रश्न, म्हणाल्या.

आणि मग तू उठून चौथऱ्यापर्यंत गेलास, चाकाकडे पाठ केलीस, डोळे मिटलेस आणि बोट दाखवलंस. चाक फिरवणारा माणूस जोर लावायला उजवा पाय जिथे रोवील, तिथे. ते बघून मी तोंड फिरवलं. लपवत नाही. ही जागा रागात सहज सुचत नाही, विचार करून सापडते. तू केलेला तो विचार मलाही माहीत आहे, कारण त्या वर्षी मीही तेच विचार करत होते.

तुझी बस गेली. पाळी माझी होती. मुकादम म्हणाले, बदलूया का. मी नाही म्हटलं. टेलरबाई पंचवीस पावलांवर उभ्या राहिल्या. मी चौथऱ्याशी पालथी पडले. माती दगडासारखी घट्ट. यंत्राचा उपयोगच नव्हता, ते सारखं बोंबलत होतं, म्हणून मी ते बाजूला ठेवलं आणि नुसती सळई. तिरकी, बोटाबोटाने. अर्धा तास झाला, बदली घेतली नाही. मग सळईला ते लागलं. लोखंडाला लागते तशी खणखणीत नाही, बोथट. मी ब्रशने माती सारली. झाकणाची कड दिसली. तुझ्या हाताने ठेवलेली. मी तिच्याकडे बघत पडले होते आणि माझ्या मुखवट्याची काच धुकटली, कारण मी रडत होते की हसत होते, मलाच कळत नव्हतं. मागून टेलरबाईंचा आवाज आला, हेल काढून: "श्वास घे, पोरी. श्वास घे आणि मागे ये."

मी मागे आले. तीन शिट्ट्या. धडाम.

टाळ्या नाहीत वाजल्या या वेळी. सगळे उभे राहिले. मग त्यांच्यातला एक गडी चौथऱ्यावर चढला, त्याने चाकाला दोन्ही हात लावले आणि मुकादमांकडे बघितलं. मुकादमांनी मान हलवली. चाक सात वर्षांचं गंजलेलं, हलेना. मग आणखी चौघे, मग आम्ही सगळेच. कर्र करून अर्धा फेरा फिरलं आणि दरवाज्याखालून पाण्याची बोटभर जाड पट्टी बाहेर आली, गढूळ, फेसाळ. दोन्ही पाटांत गेली. आम्ही वेड्यासारखे तिच्याबरोबर पळत होतो. मी पळाले, दादा, त्या जमिनीवर, न बघता.

त्या दिवशी घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. नोकरीपासून सुरुवात केली, तर ती म्हणाली, "टायपिंग करून कुणाचे गुडघे मळतात का? पहिल्या आठवड्यात कळलं मला." म्हणजे दोन महिने ती माझे कपडे धूत होती आणि तोंडातून शब्द काढत नव्हती. मग चौथ्या ओळीचं सांगितलं. तुझं, माझं, टेलरबाईंचं. गच्चीवरच्या टाळीचंही. ती ऐकत राहिली. हातातलं भांडं पुसत राहिली, ते कधीच कोरडं झालं होतं.

आणि तुला माहीत आहे का ती काय म्हणाली? तिला सात वर्षं वाटत होतं की तू तिच्यामुळे गेलास. तू रजेवर घरी आलास त्या दिवशी ती तुला म्हणाली होती, "तू इथे असतास तर ते गेले नसते." मी विसरले होते. तू विसरला असशील, किंवा नसशील. ती विसरली नव्हती. रोज दाराकडे तोंड करून बसते ती, म्हणते तशी, उजेडासाठी नाही. आपण तिघांनी एकमेकांपासून काय काय लपवलं आणि कशासाठी.

रागावली का म्हणून विचारशील. रागावली. तुझ्यावर, माझ्यावर, दोघांवर. रात्री जेवली नाही. सकाळी उठून म्हणाली की त्या बाईंना मी भेटेन, पण लगेच नको, आधी मला त्यांचा राग राग करून घेऊ दे. मी टेलरबाईंना तसंच सांगितलं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, मलाही थोडा उरलाय.

आता शेवटचं आणि महत्त्वाचं. येत्या शनिवारी मैदान लोकांच्या हवाली करायचं आहे. त्यासाठी एक करावं लागतं: ज्यांनी जमीन साफ केली त्यांनीच हात धरून एका रांगेत तिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, सगळ्यांच्या देखत. तसं केल्याशिवाय कुणी पाय ठेवायला धजत नाही, आणि का धजावं? बाराजण आणि मुकादम, असे तेरा. मी मुकादमांना विचारलं, चौदावा चालेल का. ते म्हणाले, टेलरबाईंना विचार. मी विचारलं. त्यांनी बराच वेळ सुताचं टोक चावल्यासारखे ओठ दाबून धरले. मग म्हणाल्या, "माझ्या हाताला नको. तुझ्या दुसऱ्या हाताला चालेल."

एवढंच. मी तुला फुगवून सांगत नाही. त्यांनी माफ केलेलं नाही, आणि करतील असं मला वाटत नाही. पण मी मधे असेन. एका हाताला त्या आणि एका हाताला तू, आणि माझे हात पुरतील, ते लांब आहेत.

आई रस्त्यावर उभी राहणार आहे. ती म्हणाली, आला तर दिसेल, नाही आला तर पाणी तरी बघीन.

शनिवारी दहा वाजता. सकाळच्या बसने निघ. डांबरावर पाहिजे तेवढा वेळ उभा राहा, आम्ही थांबू, मुकादमांशी बोलून ठेवलंय. पण या वेळी दुपारच्या बसचं तिकीट काढू नकोस.

सात वर्षं गप्प बसलेली आणि आता गप्प न बसणारी,
तुझी बहीण